साथीच्या दिवसांतील मयत : घरच्यांनी काय करावे



या अंकात वास्तविक खोडव्यातील पाचटाविषयी लिहायचे ठरले होते. पण मागील महिन्यात मेढ्याच्या गटसभेत तोडीच्या क्रमाचे बोलणे आटोपल्यावर मागे बसलेले एक वयस्क सभासद उठले आणि म्हणाले, "साहेब, पुन्हा तसली साथ आली, तर आपलं माणूस आपल्या हातानं पोचवता येईल का नाही?" सभा गप्प झाली. त्यांचे कुटुंब २०२१ सालच्या एप्रिलात कोरोनाने दवाखान्यात वारले. मुखदर्शनसुद्धा झाले नाही.

आम्ही शेतकीची पदविका घेतलेली माणसे, डॉक्टर नव्हे. परंतु सरकारी सूचना वाचून व जाणत्यांना विचारून जे समजले ते येथे मांडतो.

त्याच एप्रिलात वेण्णाकाठच्या एका गावी आम्ही स्वतः मातीला गेलो होतो. मयत घरीच झालेली. चार दिवस ताप, मग दम, चाचणी नाही. घरच्यांनी 'हार्टफेल' सांगितले आणि आम्हीही मान डोलावली. मुंबईचे पाव्हणे यायचे म्हणून दुपारपर्यंत सोप्यात माणूस मावत नव्हते. बायाबापड्या गळ्यात पडून रडत होत्या. माती करून आल्यावर दाटीवाटीने बसून चहा झाला. आठ-दहा दिवसांत आळीत घरोघर खोकला सुरू झाला, आणखी दोघे गेले. आमच्या घरी दुखणे आम्हीच नेले.

लोक म्हणाले, मढ्याला हात लावला म्हणून झाले. आमचे मत निराळे आहे. कोरोना मुख्यतः श्वासावाटे पसरतो आणि गेलेले माणूस श्वास घेत नाही, खोकत नाही. त्या दिवशी रोग वाटला तो सोप्यात खेटून बसलेल्या जित्या माणसांनी. मृतदेहाची काळजी घ्यायची ती उचलताना, हलवताना. छातीतली हवा व तोंडा-नाकातील स्राव तेव्हा बाहेर येऊ शकतात. उसावर काणी दिसली तर चाबूक कापण्याआधी त्यावर पिशवी चढवा असे आम्ही दरसाल सांगतो, नाहीतर काळी भुकटी उडून फड नासतो. येथेही हलवण्याआधी तोंड-नाक कापडाने झाकावे.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १५ मार्च २०२० रोजीच मृतदेहाबाबत सूचना काढल्या होत्या. आंघोळ घालणे, मिठी मारणे, मुका घेणे यांस मनाई होती. पण चेहरा पाहणे, दुरून पाणी शिंपडणे, मंत्र वा पोथी वाचणे यांस मुभा होती. राखेपासून धोका नाही, ती गोळा करता येते, हेही त्यात होते. म्हणजे सावडणे बंद नव्हते. एवढे जरी गावोगावी नीट सांगितले गेले असते तरी किती घरांचा सल कमी झाला असता!

घरी मयत झाली तर पहिला निरोप आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रास द्यावा आणि ते सांगतील तसे करावे. हात लावणारे धडधाकट दोघे-चौघेच असावेत. म्हातारी माणसे, मधुमेही व गरोदर बाया यांनी लांबूनच दर्शन घ्यावे. मास्क, रबरी हातमोजे, लांब बाह्यांचा सदरा, वर प्लॅस्टिकचा एप्रन. फवारणीचा चष्मा घरात असेल तर तोही चालेल. तिरडी अंगणात बांधावी, माणसे सोप्यात कोंडू नयेत. देह कापडात व वर न गळणाऱ्या आवरणात गुंडाळावा. मळवट, माहेरचे पातळ याबद्दल बाया विचारतील. पातळ आवरणावरून पांघरता येते. कपाळाला हात लावणे मात्र टाळावे. मुंबईच्या पाव्हण्यांना मोबाईलवर दाखवावे, त्यांची वाट पाहत थांबू नये. टाळेबंदीत मातीला २० माणसांची मर्यादा होती. आम्हाला तीही जास्त वाटते. दहावा घरच्या घरी करावा, भेटायला येणाऱ्यांना फोनवरच बोलायला सांगावे.

खोली पुसण्यास एक लिटर पाण्यात ३० ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर घालावी व अर्ध्या तासाने पुसलेली जागा धुवावी. दमट झालेली पावडर उपयोगाची नाही. तीत अॅसिड कदापि मिसळू नये, विषारी वायू सुटतो.

हे झाले कोरोनासारख्या रोगाचे. सगळ्या साथी सारख्या नसतात. २०१४ साली पश्चिम आफ्रिकेत इबोला पसरला, त्यात मढ्याला आंघोळ घालणे हेच अनेकांच्या मरणाचे कारण झाले. तेथे पथके परस्पर पुरू लागली तेव्हा लोक मयत लपवू लागले. मग घरच्यांना व धर्मगुरूंना सोबत घेऊन, न शिवता विधी करण्याची रीत बसवावी लागली. आपल्याकडे १८९७ च्या प्लेगात पुण्यास गोरे सोजीर घरे तपासू लागले तेव्हाही लोकांनी आजारी माणसे लपवली होती. म्हणून रोग कोणता हे आधी विचारावे. इबोलासारखा असेल तर घरच्यांनी देहाला हातच लावू नये, मागे उभे राहून नाव घ्यावे.

वेण्णाकाठच्या त्या घराचे पुढे काय झाले तेही सांगतो. २०२१ अखेर कोरोनाने गेलेल्यांच्या वारसांना सरकारने ५० हजार रुपये देऊ केले. यांच्याकडे चाचणीचा कागद नव्हता, डॉक्टरचा कागद नव्हता. 'हार्टफेल' घरच्यांनीच सांगितलेले. अर्ज करूनही काही मिळाले नाही.

मयतीची नोंद २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत करावी. दाखल्याच्या दोन प्रती जपून ठेवाव्यात. शेअर वारसाच्या नावे करताना त्यातील एक गट ऑफिसात द्यावी लागते.