रिपोर्टमधले चलन बदलायला किती पैसे पडतात?

नाशिकच्या एखाद्या द्राक्ष निर्यातदाराचे उदाहरण घ्या. एक कंटेनर रॉटरडॅमला गेला, त्याचे बिल युरोत. दुसरा ब्रिटनला, ते पौंडात. तिसरा दुबईला, ते दिरहममध्ये. मालकाला आकडा लाख-कोटीत हवा, परदेशातल्या भागीदाराला मिलियनमध्ये आणि सीएंना पै न् पैचा. मग कुणीतरी सुचवते, "चलन निवडले की सगळे आकडे आपोआप त्या चलनात दिसले पाहिजेत." त्यासाठी कोटेशन मागवले जाते. ते हाती आल्यावर त्यातले काय फुकट आणि काय पैशाचे, हे ओळखता यावे म्हणून हा हिशेब.

आधी दोन कामे वेगळी करा

"चलन बदलणे" म्हणताना आपण दोन कामे एकत्र बोलतो. पहिले काम दिसण्याचे: चिन्ह, स्वल्पविराम, दशांश. दुसरे रूपांतराचे: युरोतली रक्कम त्या दिवसाच्या दराने रुपयांत आणणे. १०,००० युरोंपुढचे चिन्ह काढून ₹ लावले, तर रिपोर्ट नीटनेटका दिसेल आणि साफ चुकीचा असेल. कोटेशनमध्ये ही दोन्ही कामे एकाच ओळीत असतील, तर ती ओळ फोडून मागा.

चिन्ह आणि स्वल्पविराम: सॉफ्टवेअरचा खर्च शून्य

रिपोर्ट बनवण्याचे मायक्रोसॉफ्टचे पॉवर बीआय डेस्कटॉप फुकट मिळते. ते फक्त विंडोजवर चालते, एवढे लक्षात ठेवा. मेजरचे, म्हणजे सूत्राने काढलेल्या आकड्याचे, रूप निवडीनुसार बदलण्याची सोय त्यात एप्रिल २०२३ पासून आहे. मेजर निवडायचे, 'मेजर टूल्स'मधल्या 'फॉरमॅट' यादीतून 'डायनॅमिक' घ्यायचे आणि कोणत्या चलनाला कोणता साचा, ते लिहायचे. रुपयाला दोन दशांश, जपानी येनला एकही नाही, कुवेती दिनारला तीन. चलनांची यादी तयार असेल, तर जाणकार माणसाला हे थोड्या वेळाचे काम आहे. त्यासाठी आठवड्याची मजुरी कुणी लावत असेल, तर कारण विचारा.

इथे एक जुनी वाट टाळा. 'फॉरमॅट' हे फंक्शन वापरून आकड्याला चिन्ह चिकटवले, की आकड्याचा मजकूर होतो. मग आलेखातले खांब उभे राहत नाहीत आणि क्रमवारीत १० हा ९ च्या आधी येतो. 'डायनॅमिक' पर्यायात आकडा आकडाच राहतो.

लाख-कोटीच्या स्वल्पविरामांसाठी एक्सेलवाल्यांनी विंडोजच्या रीजन सेटिंगमध्ये अंकांची गटवारी १२,३४,५६,७८९ अशी निवडावी. मात्र ती फक्त त्या संगणकापुरती असते. सगळ्यांना तसेच दिसायला हवे असेल, तर कोटीच्या वर, लाखाच्या वर आणि त्याखाली असे तीन साचे रिपोर्टमध्येच लिहून घ्या. परतावे आणि क्रेडिट नोटांचे उणे आकडे या अटींतून हमखास सुटतात, तेही तपासा. "१.२५ कोटी" असे लिहायचे असेल, तर साच्यावर भागत नाही. साच्यात हजाराने आणि दशलक्षाने भागण्याची खूण आहे, लाखाने किंवा कोटीने भागण्याची नाही. त्यामुळे वेगळे मेजर करावे लागते. तेही छोटेच काम.

वाचकांचे लायसन्स: इथे दरमहा पैसे

रिपोर्ट बनवणे फुकट असले, तरी तो सहकाऱ्यांना सुरक्षितपणे दाखवणे फुकट नाही. पॉवर बीआय प्रोचा जाहीर दर एप्रिल २०२५ पासून माणशी महिना १४ डॉलर झाला. त्याआधी तो ९.९९ डॉलर होता. बनवणाऱ्यालाही प्रो लागते आणि पाहणाऱ्यालाही. पाच जणांचे महिन्याला ७० आणि वर्षाला ८४० डॉलर होतात. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला, तर ९९१ डॉलर. व्यवसायाची जीएसटी नोंदणी असेल, तर हा कर इनपुट क्रेडिटमध्ये घेता येतो का, ते सीएंना विचारा. कंपनीकडे मायक्रोसॉफ्ट ३६५ चा ई५ प्लॅन असेल, तर प्रो त्यातच येते. नव्याने घेण्याआधी हे जरूर पाहा.

तुलनेसाठी टॅब्लो पाहा. तिथे बनवणाऱ्याचा जाहीर दर महिना ७५ डॉलर आणि नुसते पाहणाऱ्याचा १५, तोही वर्षाच्या करारावर. एक बनवणारा आणि चार वाचक धरले, तर महिन्याला १३५ डॉलर. गूगलचा लूकर स्टुडिओ फुकट आहे, पण तिथे चलन हे रकान्याच्या प्रकारातच ठरते. दोन-तीन चलनांचे साधे रिपोर्ट असतील, तर प्रत्येक चलनाचा वेगळा रकाना करून काम भागते.

एक कळकळीची सूचना. लायसन्स वाचवण्यासाठी 'पब्लिश टू वेब' वापरू नका. ते फुकट असते, कारण तो रिपोर्ट दुवा मिळालेल्या कुणालाही उघडता येतो. तुमचे भाव आणि ग्राहक असे चव्हाट्यावर मांडू नका.

दरांचा तक्ता: खरे पैसे इथे द्या

रूपांतरासाठी रोजच्या विनिमय दरांचा तक्ता लागतो. दर मिळवायला मोठा खर्च नाही. युरोपीय मध्यवर्ती बँक कामाच्या दिवशी संदर्भ दर विनामूल्य जाहीर करते. रुपयाचे डॉलर, पौंड, युरो आणि येनशी असलेले संदर्भ दर २०१८ पासून फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया ही संस्था ठरवते.

खर्च येतो तो निर्णयांचा. बिलाच्या तारखेचा दर घ्यायचा, पैसे जमा झाले त्या दिवसाचा, की महिनाअखेरचा? हिशेबाचे मानक एएस ११ व्यवहाराची पहिली नोंद त्या तारखेच्या दराने करायला सांगते, तर येणे बाकी ताळेबंदाच्या तारखेच्या दराने मांडायला. म्हणजे विक्रीच्या आणि येण्याच्या रिपोर्टला दर वेगळे. शनिवार-रविवारी आणि सुट्टीला दर नसतो, तेव्हा आधीचा कोणता धरायचा, हेही लिहून ठरवा. हे तुमच्या सीएंनी ठरवायचे आहे, रिपोर्ट बनवणाऱ्याने नव्हे. सीएंचा अर्धा दिवस लागला, तर त्याचे पैसे आनंदाने द्या.

काम ताब्यात घेताना हे तपासा

१. एकही चलन निवडले नसताना 'एकूण'च्या ओळीत काय दिसते? युरो, पौंड आणि दिरहमची सरळ बेरीज दिसली, तर काम परत करा. तिथे रिकामी जागा हवी किंवा रुपयांत रूपांतर केलेली बेरीज.

२. एका जुन्या बिलाचे रूपांतर कॅल्क्युलेटरवर करून रिपोर्टशी जुळते का, ते पाहा.

३. एक उणे रक्कम, एक शून्य आणि एक कोटीवरची रक्कम टाकून पाहा.

४. नवे चलन आले, तर तक्त्यात एक ओळ वाढवून भागते का? त्यासाठी दर वेळी त्याच माणसाला बोलवावे लागत असेल, तर तो खर्च कायमचा तुमच्या मागे लागला.

५. फाइल आणि दरांचा तक्ता, दोन्ही तुमच्या कंपनीच्या खात्यात आहेत ना?

थोडक्यात, चिन्हासाठी पैसे मोजू नका, वाचकांची संख्या मोजून लायसन्स घ्या आणि उरलेले बजेट दरांच्या तक्त्यावर आणि तपासणीवर लावा. अंतिम पैसे देण्याआधी 'एकूण'ची ओळ स्वतः पडताळा.