दारू सुटली, विडी राहिली

“दारू सोडली ना, मग विडीचे राहू द्या, दोन्ही एकदम सोडायला लावाल तर पुन्हा गुत्त्याकडे वळेल,” असे घरातील वडीलधारी माणसे मायेने म्हणतात. ही समजूत पारखून घेतली पाहिजे.

मद्यपींनी परस्परांच्या आधाराने सावरावे, म्हणून अमेरिकेत १९३५ साली ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ ही संघटना निघाली. तिचे एक संस्थापक बिल विल्सन यांनी १९३४ नंतर दारूला स्पर्श केला नाही. परंतु सिगारेटने फुप्फुसे जर्जर होऊन १९७१ साली ते निवर्तले. मिनेसोटा राज्यात व्यसनमुक्तीचे उपचार घेतलेल्या ८४५ रुग्णांची पाहणी १९९६ साली प्रसिद्ध झाली. त्यांच्यापैकी पुढे दगावलेल्यांत ५०.९ टक्के मृत्यू तंबाखूशी निगडित होते, तर दारूशी ३४.१ टक्के!

मग दोन्ही सोडल्याने पाय घसरतो काय? १९ चाचण्यांचा आढावा २००४ साली निघाला. उपचारांबरोबरच तंबाखू सोडण्यास साहाय्य मिळालेले लोक दारू व अन्य मादक पदार्थांपासून दूर राहण्याची शक्यता सुमारे २५ टक्क्यांनी अधिक आढळली. पेला आणि विडी यांची जोडी असते. एक दुसऱ्याची आठवण करून देते.

तलफ बहुधा काही मिनिटांत ओसरते. रमजानात दिवसभर विडीवाचून राहणारा माणूस इफ्तारनंतर पहिली विडी टाळू शकला, तर निम्मी लढाई जिंकली. पहिला आठवडा चिडचिडीचा. पुढे तीन-चार आठवड्यांत ती निवळते. तेवढे दिवस घरच्यांनी बोल सोसावा, वैद्यकीय सल्ल्याने निकोटिनची गोळी किंवा गम द्यावा. पण दयेपोटी विडी मात्र हाती देऊ नये.