जुनी कंबरदुखी आणि जहाजाची सफर

माझी स्वतःची कंबरदुखी अकरा वर्षांची आहे. गेल्या हिवाळ्यात मी सपत्नीक मुंबई-लक्षद्वीप-मुंबई अशी चार रात्रींची जहाजाची सफर केली. तेथे रुग्णांना सल्ला देणारा डॉक्टर स्वतःच कसा चुकला, ते आज सांगतो. कंबर, गुडघे, मान वर्षानुवर्षे दुखते म्हणून प्रवासच सोडून दिलेली मंडळी आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांना हा अनुभव उपयोगी पडावा.

"जरा बरे वाटले की जाऊ," असे म्हणत मी सहा वर्षे काढली. अखेर सौ. म्हणाल्या, "अहो, तुमची कंबर बरी व्हायची वाट बघत बसले तर माझेही गुडघे धरतील. मग कोण कोणाला नेणार?" यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. मुलीने तिकिटे काढली.

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा पुन्हापुन्हा उद्भवणाऱ्या दुखण्यास जुनाट वेदना म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या रोगांच्या यादीत तिला स्वतंत्र स्थान आहे. अशा दुखण्यात मज्जासंस्था हळवी होते. एकदा चोर पाहिलेले कुत्रे पुढे पान हलले तरी भुंकते, तसेच हे आहे. वेदना खरीच असते, पण ती वाढली म्हणजे दर वेळी नवी इजा झाली असे नव्हे. म्हणूनच दुखणे पूर्ण थांबण्याची वाट पाहण्यापेक्षा त्याच्यासह कसे वावरावे, हे शिकावे लागते.

आता माझी चूक. पहिल्या दिवशी समुद्राचा वारा लागला आणि कंबर विसरलो. लिफ्टसाठी थांबायचे कशाला म्हणून जिन्याने चारपाच मजले चढलो-उतरलो. रात्री अकरापर्यंत कार्यक्रमाला बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी कूस बदलता येईना. तो पूर्ण दिवस खोलीत पडून काढला, आणि ज्यांनी आयुष्यात प्रथमच भर समुद्र पाहिला होता त्या सौ. माझ्या उशाशी बसून राहिल्या. मला दुखण्यापेक्षा त्याचेच वाईट वाटले.

बरे वाटले की सारी कामे उरकायची आणि मग दोन दिवस अंथरूण धरायचे, हे चक्र जुनाट वेदनेच्या बहुतेक रुग्णांत दिसते. त्यावर उपाय म्हणजे दुखण्याकडे न पाहता घड्याळाकडे पाहून विश्रांती घेणे. वीस मिनिटे चालल्यावर त्रास सुरू होत असेल, तर पंधरा मिनिटांनीच बसावे, मग त्या दिवशी कितीही उत्साह असो. तिसऱ्या दिवशी मी हेच केले. लक्षद्वीपला मोठे जहाज किनाऱ्यापासून दूर थांबते व लहान होडीतून उतरावे लागते. होडीचे हिसके मला सोसणार नाहीत हे ओळखून मी जहाजावरच थांबलो आणि सौ.ना सोबतच्या कुटुंबाबरोबर पाठविले. त्या ओल्या पदराने हसत परतल्या. संध्याकाळी दोघांनी डेकवर बसून सूर्यास्त पाहिला.

जाऊ इच्छिणाऱ्यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

1. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो. दिवाळीनंतरचे दिवस बरे.

2. जहाजाच्या मध्यभागी व खालच्या मजल्यावर हेलकावे कमी जाणवतात. तेथील, लिफ्टजवळची खोली तिकीट काढतानाच मागावी.

3. बंदरावर तपासणीच्या रांगेत बराच वेळ जातो. चाकाची खुर्ची आधी सांगून ठेवावी. त्यात लाज कसली? उभे राहण्यात जाणारी शक्ती पुढे उपयोगी पडते.

4. औषधे मूळ पाकिटात, चिठ्ठीसह, हातातल्या पिशवीत ठेवावीत आणि तीनचार दिवसांची जादा घ्यावीत. परदेशी जाणाऱ्यांनी आधी चौकशी करावी. ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामकावर संयुक्त अरब अमिराती व इजिप्तमध्ये कडक निर्बंध आहेत.

5. बोट लागू नये म्हणून घेतात त्या काही गोळ्यांनी झोप येते. प्रेगॅबालिन, अमिट्रिप्टिलिन किंवा ट्रामाडॉल चालू असेल तर गुंगी वाढून तोल जाण्याची भीती असते. आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. सोबत मद्य तर नकोच.

6. उलट्या होऊन अंगातील पाणी कमी झाले असता डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडास अपाय करू शकतात. अशा वेळी त्या थांबवून जहाजावरील डॉक्टरांना दाखवावे.

7. चालताना एक हात कठड्यावर असावा. पाठीवर झोपताना गुडघ्यांखाली उशी घ्यावी. घरचा रोजचा हलका व्यायाम तेथेही चालू ठेवावा.

मात्र पायातली शक्ती अचानक कमी होणे, लघवी-शौचावरचा ताबा जाणे, जांघेभोवती बधिरपणा येणे किंवा पाठदुखीबरोबर ताप येणे, यांपैकी काहीही असेल तर सफर रद्द करून तत्काळ रुग्णालय गाठावे. हे नेहमीचे दुखणे नव्हे. जहाजावर दवाखाना असतो, परंतु मोठ्या रुग्णालयाची सोय नसते.

परत आल्यावर माझी कंबर पूर्वीइतकीच दुखते आहे. पण "बरे वाटले की जाऊ" हे वाक्य आमच्या घरातून गेले आहे. पुढच्या वर्षी सौ.ना कन्याकुमारी पाहायची आहे, आणि या वेळी लिफ्टसाठी मी थांबणार आहे.