गुळवेल आणि शरीराची प्रतिकारशक्ती : उपयोग, मर्यादा व दक्षता

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात अकोल्याच्या डोंगरभागापासून जामखेड-कर्जतच्या कोरडवाहू पट्ट्यापर्यंत, बांधावरच्या कडुनिंबावर चढलेली गुळवेल आपल्या परिचयाची आहे. ताप रेंगाळला की घरातील वडीलधारी मंडळी तिचे कांडे तोडून आणत आणि दोन-चार दिवस काढा देत. २०२० मध्ये कोरोनाची साथ आली आणि या वेलीला एकदम मागणी आली. ठाणे जिल्ह्यातील शहापूर येथील कातकरी तरुणांच्या गटाला ३५० टन गुळवेलीची १ कोटी ५७ लाख रुपयांची मागणी मिळाली. त्याच काळात अनेक घरांत दोन-चार दिवसांचा काढा रोजचा झाला आणि महिनोन्‌महिने चालू राहिला.

"गुळवेल प्रतिकारशक्ती वाढवते" एवढेच आपण ऐकलेले असते. हे वाक्य खोटे नाही, पण अर्धे आहे. उरलेले अर्धे माहीत नसेल तर त्याच वेलीपासून अपाय होऊ शकतो. म्हणून ही वनस्पती शरीरात नेमके काय करते, हे शेतकरी बंधू-भगिनींनी समजून घेणे आवश्यक आहे.

प्रतिकारशक्ती म्हणजे काय?

उभ्या पिकाला जसा राखणदार लागतो, तसे शरीरालाही राखणदार असतात. रक्तातील पांढऱ्या पेशी हे काम करतात. त्यांपैकी भक्षक पेशी जंतूंना गिळून आतच नष्ट करतात. दुसऱ्या प्रकारच्या पेशी त्या जंतूची ओळख ठेवून त्याच्याविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करतात. लसीकरणाचा उपयोग या दुसऱ्या प्रकारच्या पेशींमुळे होतो.

राखणदाराला आणखी एक गोष्ट कळावी लागते, ती म्हणजे घरचा कोण आणि परका कोण. काही व्यक्तींमध्ये ही ओळख बिघडते आणि पेशी स्वतःच्याच शरीरावर हल्ला करतात. सांधे सुजवणारा आमवात आणि थायरॉइड ग्रंथीचे काही विकार असेच उद्भवतात. अशा रोग्यात राखणदार कमजोर नसतो. तो चुकीच्या माणसावर काठी उगारत असतो.

संशोधनात काय आढळले?

गुळवेलीचे शास्त्रीय नाव टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. आयुर्वेदात तिला गुडूची, अमृता म्हणतात व तिची गणना रसायन द्रव्यांत होते. तिच्यावरील महत्त्वाचे आधुनिक संशोधन महाराष्ट्रातच झाले आहे.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर, डॉ. ऊर्मिला थत्ते व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर प्रयोग केले. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उंदरांच्या पोटात जंतुसंसर्ग घडवून आणला होता. आधी गुळवेलीचा अर्क दिलेल्या उंदरांत मृत्यूचे प्रमाण कमी राहिले. हाच अर्क काचेच्या भांड्यात जंतूंवर टाकला असता मात्र जंतू मेले नाहीत. म्हणजे गुळवेल स्वतः जंतू मारीत नाही. ती भक्षक पेशींची जंतू गिळण्याची व मारण्याची क्षमता वाढवते.

केईएमचाच १९९३ मधील अभ्यास पित्तनलिका बंद होऊन कावीळ झालेल्या ३० रुग्णांवर होता. अशा रुग्णांची प्रतिकारशक्ती खालावलेली असते आणि शस्त्रक्रियेच्या वेळी जंतुसंसर्गाचा धोका मोठा असतो. नेहमीच्या उपचारांवर ठेवलेल्या गटात निम्म्या रुग्णांच्या रक्तात जंतुसंसर्गाची लक्षणे दिसली. सोबत गुळवेल दिलेल्या गटात ती एकाही रुग्णात दिसली नाहीत. रुग्णांची संख्या लहान होती आणि औषध रुग्णालयात, वजनानुसार मोजून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिले होते, हे मात्र विसरू नये.

नागपूर येथे ७५ रुग्णांवर झालेल्या व २००५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, आठ आठवडे गुळवेलीचा अर्क घेतल्यावर ॲलर्जीच्या सर्दीची लक्षणे कमी झाली.

हा परिणाम कोणत्या घटकांमुळे होतो, याचाही शोध घेण्यात आला. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये या वेलीच्या खोडातून शर्करेच्या लांब साखळीचा एक पदार्थ वेगळा केला. तो प्रतिकार पेशींना चेतवतो. याखेरीज खोडात कडू ग्लायकोसाइड व बर्बेरिनसारखी अल्कलॉइड द्रव्येही असतात.

कोरोना मात्र या काढ्याने टळतो, असे सिद्ध झालेले नाही.

अपाय कसा होतो?

सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईतील डॉक्टरांना यकृताला सूज आलेले सहा रुग्ण आढळले. या सर्वांनी गुळवेल घेतली होती. २०२२ मध्ये देशातील १३ केंद्रांतून अशा ४३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली. त्यांपैकी अनेकांत शरीर स्वतःच्याच यकृतावर हल्ला करीत असल्याच्या खुणा होत्या.

आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये यावर आक्षेप घेतला. रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती, की तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा, याची खात्री केलेली नाही, असे मंत्रालयाचे म्हणणे होते. योग्य प्रकारे वापरलेली गुळवेल सुरक्षित आहे, असेही मंत्रालयाने सांगितले. पुढे २०२२ च्या अभ्यासात रुग्णांकडून मिळालेल्या नमुन्यांची रासायनिक तपासणी झाली, तेव्हा त्यांत गुळवेलीचेच घटक मिळाले.

शेतकऱ्याने यातून दोन बोध घ्यावेत. पहिला, वेलीची ओळख पक्की असावी. दुसरा, वेल खरी असली तरी ती प्रत्येकाला मानवेलच असे नाही. जी वनस्पती राखणदाराला चेतवते, ती वाट चुकलेल्या राखणदारालाही चेतवू शकते.

खरी गुळवेल कशी ओळखावी?

१) पान हृदयाच्या आकाराचे व गुळगुळीत असते. पानावर दाट लव असल्यास ती वेगळी जात समजावी.

२) खोड हिरवट व रसरशीत असून वरची साल कागदासारखी सुटते. क्रिस्पाचे खोड राखट असते व त्यावर ठळक गाठी असतात.

३) खोड कापल्यावर खऱ्या गुळवेलीतून दुधासारखा चीक येत नाही. क्रिस्पातून तो येतो.

४) गुळवेलीच्या फुलाला सहा पाकळ्या असतात, क्रिस्पाच्या फुलाला तीन.

खोडाच्या आडव्या कापावर चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी दिसते. पण जवळच्या जातींतही ती दिसत असल्याने केवळ तिच्यावर विसंबू नये. शंका असल्यास पान, फूल व खोडाचा तुकडा घेऊन कृषी विद्यापीठातील औषधी वनस्पतींच्या तज्ज्ञांना दाखवावा.

लागवड व काढणी

पेन्सिलीच्या जाडीचे, दोन-तीन डोळ्यांचे छाटे पावसाळ्याच्या तोंडावर पिशव्यांत लावावेत. ओळख पटलेल्या वेलीचेच छाटे घ्यावेत, कारण येथील चूक पुढच्या प्रत्येक रोपात उतरते. सुमारे दीड महिन्यात रोपे तयार होतात. ती कडुनिंबासारख्या झाडाच्या आधाराने लावावीत. खोडाची जाडी अडीच सेंटिमीटरहून अधिक झाल्यावर पावसाळ्यानंतर काढणी करावी व बुंधा राखावा म्हणजे वेल पुन्हा फुटते. तुकडे करून सावलीत खडखडीत वाळवावेत. बुरशी आलेला माल विकू नये व घरीही वापरू नये. ज्या पिकावर कीटकनाशकाची फवारणी होते, त्याच्या बांधावरची वेल औषधासाठी घेऊ नये.

सेवन करताना घ्यावयाची दक्षता

आयुर्वेदीय औषधिकोशानुसार खोडाचे चूर्ण दिवसाला ३ ते ६ ग्रॅम, तर काढ्यासाठी खोड २० ते ३० ग्रॅम असे प्रमाण आहे. कोणाला, किती आणि किती दिवस द्यावयाचे, हे वैद्यांनी ठरवावे. "झाडपाला आहे, त्याने काय होणार" या समजुतीने मूठभर कांडी रोज उकळून पिणे बरोबर नाही.

* आमवात, थायरॉइडचे विकार किंवा यकृताचे जुने दुखणे असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गुळवेल घेऊ नये. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या मातांनीही हेच पाळावे.

* गुळवेलीमुळे रक्तातील साखर उतरू शकते. म्हणून मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी विशेष काळजी घ्यावी.

* डोळे पिवळे होणे, लघवी गडद होणे, भूक मरणे, अंगाला खाज सुटणे यांपैकी काहीही दिसल्यास काढा त्वरित बंद करावा व यकृताची रक्ततपासणी करून घ्यावी. काढा घेत होतो, हे डॉक्टरांपासून लपवू नये. वेळीच बंद केल्यास बहुतेक रुग्ण बरे होतात.

* गुळवेल घेतो म्हणून लस टाळू नये. ताप तीन दिवसांपेक्षा जास्त राहिल्यास दवाखाना गाठावा.

आपल्या बांधावरची गुळवेल ही मोलाची वनस्पती आहे. तिला रोजच्या चहाच्या जागी न बसवता औषधाच्याच जागी ठेवावे आणि औषधासारखेच मोजून वापरावे.