शेतातलं खत ओढ्यात कुठून उतरतं? नकाशावरचं नवं करिअर

ऑगस्ट २०१४. अमेरिकेतल्या टोलेडो शहरात फर्मान निघालं: नळाचं पाणी पिऊ नका, उकळूनसुद्धा नाही. चार लाखांवर लोकांची बाटलीबंद पाण्यासाठी धावाधाव झाली. ईरी सरोवरात विषारी शेवाळ माजलं होतं आणि त्याला पोसणारा फॉस्फरस मुख्यतः मॉमी नदीच्या खोऱ्यातल्या शेतांतून येत होता. पण एवढ्या शेतांपैकी नेमका कुठून? याचं उत्तर नकाशावर शोधणं हा आता एक व्यवसाय आहे.

उंचीचा डिजिटल नकाशा घ्यायचा, पाणी कुठल्या ओढ्याकडे वळेल ते संगणकाकडून काढून घ्यायचं, त्यावर माती, पीक, माती परीक्षण यांचे थर चढवायचे. फॉस्फरस बराचसा मातीच्या कणांना चिकटून धुपेबरोबर जातो. खतातलं नायट्रेट मात्र विरघळून खाली झिरपतं, विहिरीत उतरतं. दोन्हींचा धोका एकाच रंगाने रंगवणारा कच्चा समजावा.

खरी मेख पुढे आहे. उंचीच्या मोफत नकाशात एक चौकोन साधारण ३० मीटरचा, म्हणजे जवळपास नऊ गुंठे. आपल्याकडचं अर्ध्या एकराचं वावर दोन-अडीच चौकोनांत संपतं. बांध, चर, मोरी काहीच दिसत नाही. भर पावसात वावरात जाऊन पाणी कुठून फुटतं ते पाहावंच लागतं. शेतकऱ्यांच्या मुलामुलींनी हे लहानपणापासून पाहिलेलं असतं. त्याला कमी लेखू नका.

‘नोकरी लागेल का?’ पालकांचा पहिला प्रश्न. नेमकी याच कामाची जागा जाहिरातीत सहसा सापडणार नाही. ‘जीआयएस (भौगोलिक माहिती प्रणाली) अ‍ॅनालिस्ट’, पाणलोट, मृद व जलसंधारण अशा नावांखाली शोधा, आणि सुरुवात कंत्राटी कामाने होऊ शकते हे धरून चाला. रस्ते दोन: बारावीला गणित घेऊन कृषी अभियांत्रिकी (राहुरी, अकोला, परभणी, दापोली), किंवा भूगोलातून जिओइन्फर्मॅटिक्स. माझा कौल पहिल्याला. सॉफ्टवेअर नंतर शिकता येतं, मातीची जाण यायला वेळ लागतो. राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्था आणि राज्याचं सुदूर संवेदन केंद्र, दोन्ही नागपुरात आहेत. देहरादूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था (आयआयआरएस) मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम घेते.

क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअरही फुकट आहे. महागड्या क्लासची फी भरण्याआधी मुलाला, मुलीला महिनाभर त्यावर आपल्याच गावच्या ओढ्याचं पाणलोट काढू द्या. रमले, तरच फीचा विचार करा.