उरलेल्या भागांतून अवकाशयान

रणगाडे, विमाने, जहाजे यांच्या प्लॅस्टिकच्या प्रतिकृती जोडण्याचे संच ज्यांनी हाताळले आहेत, त्यांना ठाऊक असेल की जोडणी पूर्ण झाल्यावरही काही भाग शिल्लक राहतात. एकाच साच्यातून यंत्राच्या दोनतीन प्रकारांचे भाग काढलेले असतात, त्यामुळे असे होते. चित्रपटांसाठी काल्पनिक अवकाशयाने घडविणाऱ्यांनी याच अडगळीचे भांडवल केले. पुढे तर ते केवळ अशा भागांसाठीच नवे संच विकत आणू लागले!

इंग्लंडमध्ये डेरेक मेडिंग्ज यांनी ‘थंडरबर्ड्‌स’ (१९६५-६६) या दूरचित्रवाणी मालिकेसाठी ही रीत वापरली. अमेरिकेत ‘सायलेंट रनिंग’ (१९७२) या चित्रपटातील सुमारे २५ फूट लांबीचे यान असेच सजविलेले होते. त्या कामावर असलेले जॉन डायक्स्ट्रा पुढे ‘स्टार वॉर्स’च्या (१९७७) दृश्यचमत्कारांचे प्रमुख झाले.

या रीतीमागे काटकसर होतीच. परंतु खरे कारण आपल्या दृष्टीत आहे. अनोळखी वस्तूचा आकार डोळा तिच्यावरील बारकाव्यांवरून ठरवितो. ‘स्टार वॉर्स’च्या आरंभी पडदा व्यापून सरकत जाणारे प्रचंड त्रिकोणी यान प्रत्यक्षात जेमतेम ९१ सेंटिमीटर लांब होते. कथेत त्याची लांबी १,६०० मीटर मानली जाते. म्हणजे प्रतिकृतीवरचा एक मिलिमीटर सुमारे पावणेदोन मीटरचा, माणसाच्या उंचीएवढा झाला. रणगाड्याच्या संचातील २० मिलिमीटरचे चाक तेथे चिकटविले, तर ते पस्तीस मीटरचे दिसावयास हवे. पण प्रेक्षकाने ते चाक म्हणून ओळखले, की यानच आक्रसून खेळणे होते. म्हणून भाग उलटा लावावा, अर्धा कापावा, दुसऱ्याखाली दडवावा. त्याचे मूळ काम कोणाच्या ध्यानात येता कामा नये.

नवशिका येथे दुसरीच चूक करतो. हाती आलेले सगळे भाग तो सर्वत्र सारखे पसरतो, आणि यानाऐवजी भंगाराचा ढीग तयार होतो. प्रथम जाड प्लॅस्टिकच्या पत्र्याचा मूळ आकार निश्चित करावा. मग इंजिन कोठे, इंधनाच्या टाक्या कोठे, नळ्या कोठून कोठे जातात, याची मनाशी कल्पना करून तेवढ्याच जागी भागांची दाटी करावी. बाकीचा पृष्ठभाग मोकळा सोडण्यास धीर लागतो. परंतु त्या मोकळ्या जागेमुळेच दाटीला अर्थ येतो.

या संचांसाठीचा गोंद प्लॅस्टिक किंचित विरघळवून सांधा एकजीव करतो. तेव्हा सांध्यावरचा जुना रंग आधी खरवडावा, आणि काम खिडकी उघडी ठेवूनच करावे. साच्याच्या कडा कानशीने घासून घ्याव्यात. त्यानंतर सर्वांवर करड्या रंगाचे एकच अस्तर द्यावे. निरनिराळ्या संचांतून आलेल्या तुकड्यांचे निरनिराळे रंग झाकले जातात, आणि ते एकाच कारखान्यातून निघाल्यासारखे दिसू लागतात. शेवटी पातळ काळा रंग लावून लगेच पुसून घेतला, की तो खाचांतच उरतो आणि बारकावे उठून दिसतात.