ग्रिप सेफ्टी घरी बसवावी का?

प्रश्न : माझ्या परवान्याच्या १९११ पद्धतीच्या पिस्तुलाची ग्रिप सेफ्टी सैल झाली आहे. नवी आणून घरीच बसवू का? मग पिस्तूल पडले तरी गोळी सुटणार नाही ना?
– एक वाचक, श्रीगोंदा

उत्तर : काळजी रास्त आहे, समज मात्र अपुरा. मूठ आवळेपर्यंत ही सेफ्टी फक्त ट्रिगर अडवते, फायरिंग पिन नाही. त्यामुळे पडण्याच्या धोक्यावर तो उपाय नव्हे. काम छोटे वाटेल, पण नवा भाग घासून जुळवावा लागतो आणि जास्त घासला गेला तर सेफ्टीच निकामी होते. शिवाय शस्त्र अधिनियम, १९५९च्या कलम ५नुसार दुरुस्तीला वेगळा परवाना लागतो. बाळगण्याचा चालत नाही. दोष दुरुस्त होण्याजोगा आहे, घाबरू नका. अहिल्यानगरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात विचारून परवानाधारक कारागिराकडूनच मूळ भाग बसवून घ्या. तोवर पिस्तूल रिकामे करून कुलपात ठेवा.